इंकस्केप सात महिने वापरल्यावर

भाचीच्या बारशाची पत्रिका घरीच करायची ठरलं, तेव्हा इंकस्केप हे संगणकावर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्याआधी फोटोवर नाव टाकण्यापलीकडे संगणकावर चित्राचं काही केलेलं नव्हतं. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि फाइल एसव्हीजीमध्ये साठते. म्हणजे चित्र ठिपक्यांनी भरलेलं नसतं, रेषांच्या गणितावर उभं असतं. नखाएवढी कुयरी दारावरच्या फलकाएवढी केली तरी कडा फाटत नाहीत.

मला पत्रिकेच्या काठाला पैठणीसारख्या कुयऱ्या हव्या होत्या. पहिली कुयरी पेन्सिल टूलने, माउस ओढत काढली. नोड, म्हणजे रेषेला वळण देणारे बिंदू, मोजले तर ४३! एक खळगा बुजवला की शेजारी दुसरा उठायचा. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. पाथ (काढलेली रेषा) सोपा करणारी कंट्रोल-एल ही आज्ञा दिली, तर नोड कमी झाले पण कुयरीचं टोकच बोथट झालं.

मग पेन टूल घेतलं. क्लिक करून बोट न उचलता ओढलं की नोडमधून दोन हँडल, म्हणजे ओढता येणाऱ्या दांड्या, निघतात. त्यांची दिशा आणि लांबी वळण ठरवते. चार नोडमध्ये कुयरी झाली. पोटाला दोन, मानेला एक आणि टोकाला एक. टोकाचा नोड शिफ्ट-सीने टोकदार केला, बाकीचे शिफ्ट-एसने गुळगुळीत. रेषा अशी सफाईदार वळत गेली की मी ती मोठी करून करून पाहत राहिले. नव्याने शिकणाऱ्याने पहिले पंधरा दिवस फक्त नोड कमी करण्यात घालवावेत, असं मला मनापासून वाटतं. रंग, ग्रेडियंट, इफेक्ट सगळं नंतर.

काठासाठी कंट्रोल-डीने नकला न करता ऑल्ट-डीने क्लोन (मूळ आकृतीशी जोडलेल्या नकला) करा. मूळ कुयरीची मान जरा वाकवली की सगळ्या रांगेच्या माना एकदम वाकतात. रांगोळीसारखं गोल फूल करायचं तर निवडलेल्या पाकळीवर पुन्हा एकदा क्लिक करा, मधलं अधिकचिन्ह फुलाच्या मध्यावर ओढून आणा आणि पाकळीचा प्रत्येक क्लोन कंट्रोल दाबून फिरवा. १५ अंशांच्या टप्प्यांनी फिरतं, म्हणून आठ पाकळ्यांना प्रत्येकी तीन टप्पे.

युनिकोड देवनागरी नीट चालते. मी मुक्ता फाँट वापरला, जोडाक्षरं स्वच्छ आली. छपाईवाल्याकडे मात्र अडकले. त्यांच्या संगणकावर तो फाँट नव्हता आणि ‘शुभेच्छा’मधला ‘च्छ’ सुटा झाला. घरी येऊन अक्षरांचा पाथ केला, म्हणजे अक्षरं रेषांच्या आकृत्या केल्या (कंट्रोल-शिफ्ट-सी), पीडीएफ दिली, प्रश्न मिटला. पण आधी मजकुराची वेगळी प्रत ठेवा. पाथ झाल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

रंगांचं दुखणं उरलंच. मी पडद्यावर आरजीबीत (लाल, हिरवा, निळा प्रकाश) काम केलं होतं, छपाई सीएमवायकेत (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी शाई) झाली. झगझगीत राणी रंग कागदावर फिका उतरला. आता आधी एकच प्रत छापून बघते आणि त्यावरून रंग गडद करते. रोज छापखान्याचं काम असेल त्याने हे आधीच लक्षात घ्यावं. घरच्या पत्रिका, शाळेचे तक्ते, भरतकामाचे नमुने यांसाठी मला दुसरं काही लागलेलं नाही.

सध्या पैठणीच्या पदरावरचा मोर काढते आहे. पिसारा क्लोनवर भागला. मान अजून नऊ नोडांवर आहे, ती पाचावर आणायची आहे.