आरटीईची जागा की महापालिकेची शाळा? दोन्हीकडे पोरं घालून बघितलेल्याचं मत

मेहुण्याची पोरगी पुढच्या जूनला पहिलीत जाणार. परवा कारखान्याच्या गेटवर भेटला तेव्हा त्यानं विचारलं, "बावा, आरटीईचा फॉर्म भरू का महापालिकेत घालू?" (आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून खासगी शाळेत गरीब घरच्या पोरांना लॉटरीनं मिळणारी मोफत जागा. आणि आम्ही सोलापूरच्या पूर्वभागातले तेलुगू. आमच्यात दाजीला बावा म्हणतात.) हा प्रश्न मला आणखी दोघांनी विचारलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी दोन्ही करून बसलोय. थोरलीचा नंबर २०१७ ला लॉटरीत लागला, ती आठवीपर्यंत इंग्रजी शाळेत होती. धाकट्याच्या वेळी फॉर्मच भरला नाही. तो घरामागच्या महापालिकेच्या शाळेत जातो.

फॉर्म, दाखले, पडताळणी हे सगळ्यांना माहीत आहे. एवढंच सांगतो, की प्रवेशाच्या तारखेवर विसंबू नका. २०२४ ला सरकारनं नियमच बदलले होते, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईच्या जागा देण्यातून सूट. उच्च न्यायालयानं ते जुलैत रद्द केलं, पण तोवर शाळा सुरू होऊन महिना झालेला. आमच्या जॉबरचा, म्हणजे कारखान्यातल्या मुकादमाचा, मुलगा तेवढे दिवस घरी बसून सुताची रीळं मोजत होता.

पैशाचं म्हणाल तर फी माफ असते, बाकीचं माफ नसतं. रिक्षा, गॅदरिंगचे कपडे, वह्यांना ठरावीक रंगाचीच कव्हरं. पुस्तकांचं विचारायला गेलं की "सरकारकडून आमचेच पैसे यायचेत" हे ऐकावं लागतं. त्यांचंही अगदी खोटं नाही. मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरलेले, आणि तेही थकतात. पण शाळेचं आणि सरकारचं भांडण आपल्या पोरीसमोर काउंटरवर का ऐकायचं, हे मला कधी कळलं नाही.

तरी पैशामुळे माझं मन बदललं नाही. बदललं ते डायरीमुळे.

रोज संध्याकाळी थोरलीच्या डायरीत इंग्रजीत सूचना यायची. खाली पालकांची सही. मी सातवी, बायको चौथी तेलुगू. ती विड्या वळता वळता तंबाखूचा हात पुसायची आणि सही करायची. मी पाळी सुटली की डायरी घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे. तो बिचारा गिऱ्हाईक सोडून वाचून दाखवायचा. कधीकधी आमच्यासारखे दोघं-तिघं तशीच डायरी घेऊन उभे असायचे.

दुसरीत असताना भाज्यांचा फॅन्सी ड्रेस होता. त्या दिवशी माझी रात्रपाळी. शेजारच्या कॉलेजच्या पोरानं घाईत डायरी बघितली आणि सांगितलं, "लेडीज फिंगर लिहिलंय, उद्या." बायकोला वाटलं, बोटं सजवून पाठवायची असतील. तिनं रात्री अकरापर्यंत जागून पोरीच्या दहाही बोटांना मेंदी काढली. नाजूक, वेलबुट्टीची. सकाळी वर्गात सगळी पोरं वांगी, टोमॅटो, गाजर होऊन आलेली आणि आमची भेंडी युनिफॉर्ममध्ये हात पुढे करून उभी. संध्याकाळी डायरीत लाल शाईनं 'नॉट प्रिपेअर्ड'. खाली पालकांची सही. तीही आम्ही केली.

बाई वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. वर्गात पन्नास पोरं, त्यांना काय माहीत आमच्या घरात कोण काय वाचतं. पण त्यानंतर बायको त्या शाळेत गेली नाही. पालकसभेला मी एकटाच, मागच्या बाकावर.

महापालिकेच्या शाळेत निरोप मराठीत येतो, नाहीतर बाई गेटवरच सांगतात. आमच्या वर्गाच्या बाईंना कामापुरतं तेलुगू येतं. बायको त्यांच्याशी तासभर बोलत बसते. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. कायद्यानं त्यात तीन चतुर्थांश पालक लागतात, विनाअनुदानित शाळेला ही समितीच लागू नाही. नळ दुरुस्त करून घ्यायला आम्हाला तीन महिने लागले, पण मागणाऱ्यांत मी होतो.

आता दुसरी बाजू. निवडणूक आली की बाई यादीच्या कामाला, आणि दोन वर्ग एका खोलीत. पट घसरतोय. शाळा सातवीपर्यंतच, पुढे अनुदानित हायस्कूल शोधायचं. धाकट्याला सेमी-इंग्रजी (गणित-विज्ञान इंग्रजीतून) आहे, तरी त्याचं इंग्रजी थोरलीच्या जवळपासही नाही. ती बँकेत माझ्यावतीनं फाडफाड बोलते, ते मला आवडतं, नाही कशाला म्हणू? आणि डिसले गुरुजींचं उदाहरण देऊ नका. त्यांची परितेवाडीची सरकारी शाळा आपल्याच जिल्ह्यातली, २०२० चं जागतिक शिक्षक बक्षीस खरं, पण त्या एका माणसावरून प्रत्येक सरकारी शाळा मोजता येत नाही.

आरटीईची मोफत सोय आठवीला संपते. थोरली आता नववीला अनुदानित शाळेत आलीय. म्हणजे शेवटी दोघंही एकाच रस्त्यावर येणार, असं दिसतंय.

घरात कुणी इंग्रजी वाचणारं असेल तर आरटीई सोडू नये, असं मला वाटतं. मेहुण्याच्या घरात कुणी नाही. त्याला मी एवढंच म्हटलं, की भरायचाच असेल तर भर, पण आधी त्या शाळेतल्या एखाद्या पोराची डायरी एक रात्र मागून आण आणि बायकोसमोर बसून वाच. मेडिकलवाला हल्ली नऊलाच शटर ओढतो.