इंग्रजी इडियम्स: विरुद्ध अर्थाच्या जोड्या लावाव्यात की विषयवार गट?

इडियम्स, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचार, पाठ करायला बसलेल्या माणसापुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली म्हणजे ए पासून झेडपर्यंतची यादी. तिच्यावर फार वेळ घालवायला नको. अक्षरक्रम एखादी गोष्ट शोधायला बरा, डोक्यात बसवायला नाही. ‘अ पीस ऑफ केक’ (अगदी सोपं काम) आणि ‘अ पेन इन द नेक’ (डोकेदुखी) एकाखाली एक आले म्हणून त्यांचं काही नातं जुळत नाही आणि दोन पानं उलटेपर्यंत दोन्ही विसरलेले असतात.

खरी निवड उरलेल्या दोन वाटांमध्ये आहे. एक, विषयवार गट: पैशाचे इडियम्स वेगळे, रागाचे वेगळे, कामाचे वेगळे. दुसरी, विरुद्ध अर्थाच्या जोड्या: ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणं, तर ‘कीप इट अंडर युअर हॅट’ म्हणजे ते पोटात ठेवणं. जोडीची वाट दिसायला फार आकर्षक आहे. विरुद्धार्थी शब्द आपण प्राथमिक शाळेपासून पाठ करत आलोय, त्यामुळे सवय आहे. शिवाय एका कार्डावर दोन इडियम्स मावतात, म्हणजे काम निम्म्यात झाल्यासारखं वाटतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जोड्या उजळणीला उत्तम आहेत, पहिल्या ओळखीला मात्र त्या अडचणीच्या ठरतात. त्यातही सगळ्या जोड्या एका माळेतल्या नाहीत. चित्र विरुद्ध असलेल्या जोड्या वेगळ्या, नुसता अर्थ विरुद्ध असलेल्या वेगळ्या. हा फरक लक्षात आला की निवड सोपी होते.

चित्रच उलटं असेल तर

‘टर्न अ डेफ इअर’ म्हणजे ऐकून न ऐकल्यासारखं करणं आणि ‘बी ऑल इअर्स’ म्हणजे कानात प्राण आणून ऐकणं. दोन्हीकडे कानच आहे, एकीकडे बंद आणि दुसरीकडे उघडा. तसंच ‘टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणजे कानाडोळा करणं आणि ‘कीप ॲन आय ऑन’ म्हणजे नजर ठेवणं. कातडीचं पाहा: ‘थिक-स्किन्ड’ माणसाला कितीही बोला, ढिम्म, ‘थिन-स्किन्ड’ माणसाला एक शब्द लागतो.

आनंद-दुःखाच्या इडियम्समध्ये तर अख्खी भाषाच जोडीच्या बाजूने उभी आहे. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं, की इंग्रजीत आनंद वर असतो आणि दुःख खाली. ‘ऑन क्लाउड नाइन’, ‘ओव्हर द मून’, ‘वॉकिंग ऑन एअर’ हे सगळे वरचे. ‘डाउन इन द डम्प्स’, ‘फीलिंग लो’ हे खालचे. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपलाही आनंद गगनात मावत नाही आणि आपलंही मन खचतं. अशा ठिकाणी जोडी लावून शिकलात तर गोंधळ होणं जवळजवळ अशक्य, कारण कोणता कुठला हे चित्रच सांगतं.

‘इन द रेड’ आणि ‘इन द ब्लॅक’ ही याच जातीची जोडी. जमाखर्चाच्या वहीत तूट लाल शाईने लिहायची पद्धत होती, त्यावरून तोट्यातला धंदा ‘इन द रेड’ आणि नफ्यातला ‘इन द ब्लॅक’. इथे एक खड्डा आहे. शेअर बाजाराच्या स्क्रीनवर लालच्या समोर हिरवा असतो, त्यामुळे ‘द कंपनी इज इन द ग्रीन’ असं लिहायचा मोह होतो. भाव वधारल्याबद्दल हिरवा चालतो. कंपनीच्या ताळेबंदाबद्दल बोलत असाल तर लालच्या समोर काळाच पाहिजे. एकटा ‘इन द रेड’ शिकलेला माणूस इथे चुकतो, जोडीने शिकलेला चुकत नाही.

जोडीचा आणखी एक फायदा मराठी वाचकाला विशेष होतो. ‘टाइटन युअर बेल्ट’ हा इडियम पहिल्यांदा वाचला की मनात ‘कंबर कसणे’ येतं आणि अर्थ लावला जातो कामाला लागणं. प्रत्यक्षात तो खर्चाला कात्री लावण्याबद्दल आहे. कंबर कसण्याच्या जवळ जाणारा इंग्रजी प्रयोग ‘गर्ड युअर लॉइन्स’ हा आहे, तोही आता जुनाट वाटतो. पण ‘टाइटन युअर बेल्ट’च्या शेजारी ‘पुश द बोट आउट’ ठेवा. हा ब्रिटिश इडियम, अर्थ सढळ हाताने खर्च करणं. आता एकीकडे हात आखडता घेणं आणि दुसरीकडे हात सैल सोडणं. विषय पैशाचा आहे हे समोरच्या जोडीदारानेच पक्कं केलं.

नुसता अर्थ उलटा असेल तर

आता ‘वन्स इन अ ब्लू मून’ आणि ‘डे इन, डे आउट’ घ्या. पहिला क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठी, दुसरा रोजच्या रोज चालणाऱ्या गोष्टीसाठी. अर्थाने विरुद्ध आहेतच, पण निळ्या चंद्रात असं काय आहे ज्यावरून ‘क्वचित’ हाच अर्थ आठवावा? दोन्ही एकाच संध्याकाळी पाठ केले तर पंधरवड्याने डोक्यात काय उरतं? ‘वेळेबद्दल काहीतरी होतं’ एवढंच. क्वचित की नेहमी, हे नेमकं निसटतं. ‘गेट कोल्ड फीट’ आणि ‘टेक द बुल बाय द हॉर्न्स’चंही तेच. एकात कच खाणं, दुसऱ्यात संकटाला थेट भिडणं. पण गार पडलेले पाय आणि बैलाची शिंगं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

शब्दांच्या बाबतीत हा घोळ अभ्यासकांनी तपासून पाहिलेला आहे. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये शिकणाऱ्यांना बनावट शब्द पाठ करायला दिले. शर्ट, जॅकेट, स्वेटर अशा एकाच जातीच्या अर्थांचे शब्द एकत्र दिले, तेव्हा ते असंबद्ध शब्दांपेक्षा अवघड गेले. रॉब वॉरिंग यांनी १९९७ मध्ये जपानी विद्यार्थ्यांवर तोच प्रयोग केला आणि निष्कर्ष तसाच आला. त्याच वर्षी टिंकहॅम यांनी दुसरी मांडणीही तपासली: बेडूक, डबकं, उडी, निसरडं असे एकाच प्रसंगातले शब्द. हे मात्र सोपे गेले. पुढे पॉल नेशन यांनी २००० मध्ये शिक्षकांना उघड सल्लाच दिला, की विरुद्धार्थी शब्द पहिल्यांदा शिकवताना एकत्र देऊ नका. जास्त वापरातला आधी द्या, तो पक्का झाल्यावर दुसरा.

हे सगळे प्रयोग सुट्या शब्दांवरचे आहेत, इडियम्सवरचे नाहीत. पण इडियम लांब असतो, त्याचा अर्थ त्याच्या शब्दांवरून लागत नाही, म्हणजे गोंधळाला वाव वाढतोच. म्हणून नेशन यांचा सल्ला इडियम्सना अधिकच लागू पडतो असं मला वाटतं.

जुळवलेल्या आणि फसव्या जोड्या

जोड्यांची यादी लांबवायची म्हटली की ओढूनताणून लग्नं लावावी लागतात. ‘अंडर द वेदर’च्या समोर हमखास ‘फिट ॲज अ फिडल’ ठेवला जातो. पण ‘अंडर द वेदर’ म्हणजे जरा कणकण, सर्दी, अंग मोडून येणं. आयसीयूत असलेल्या माणसाबद्दल तो वापरला तर ऐकणारा चमकेल. दुसरा मात्र ठणठणीत प्रकृतीसाठी आहे. म्हणजे एक पाव मापाचा आणि दुसरा पूर्ण मापाचा. ‘ओपन बुक’ आणि ‘क्लोज्ड बुक’ तर दिसायला सख्खी जोडी. पण पहिला अशा माणसाबद्दल, ज्याचं काहीच लपलेलं नाही. दुसरा बहुधा अशा विषयाबद्दल, ज्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही.

याच्या उलटही होतं. ‘स्लिम चान्स’ आणि ‘फॅट चान्स’ यांत एक सडपातळ आणि एक लठ्ठ, तरी दोन्हींचा अर्थ शक्यता नाहीच्या बरोबर. फरक एवढाच, की ‘फॅट चान्स’मध्ये टोमणा आहे. ‘आय ॲम अप फॉर इट’ आणि ‘आय ॲम डाउन फॉर इट’ या दोन्हींत माणूस तयारच आहे.

आणि मग असा एक प्रयोग, जो स्वतःच स्वतःचा विरुद्धार्थी आहे: ‘टेबल’. ब्रिटिश इंग्रजीत ठराव ‘टेबल’ करणं म्हणजे चर्चेला आणणं. आपल्या सभागृहात कागदपत्रं पटलावर ठेवतात ते याच वळणाचं. अमेरिकेत तोच शब्द चर्चा पुढे ढकलण्यासाठी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांच्या बैठकीत यावरून लांबलचक वाद झाल्याचं चर्चिल यांनी नोंदवून ठेवलंय. दोघांनाही खरं तर एकच गोष्ट हवी होती. हिंजवडीत बसून अमेरिकन क्लायंटशी बोलणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. तिकडून ‘लेट्स टेबल इट’ आलं, की प्रेझेंटेशन उघडू नका, बंद करा.

विषयवार गटाचं काय

विषयवार म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवावं लागतं. बहुतेक पुस्तकांत प्राण्यांचे, रंगांचे, अवयवांचे गट असतात. हे गट शब्दांवरून केलेले आहेत, अर्थावरून नाहीत. ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ (गुपित फोडणं) आणि ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ (धो धो पाऊस) मांजरामुळे एकत्र येतात, पण कोणत्याही एका संभाषणात ते एकत्र येत नाहीत. (दुसरा तर इंग्लंडमध्ये आता क्वचितच ऐकू येतो, आपल्या शाळांनी मात्र तो जिवापाड जपलाय.)

प्रसंगावरून केलेला गट चांगला. समजा विषय आहे नोकरी बदलण्याचा. बातमी ‘थ्रू द ग्रेपव्हाइन’ कळते, म्हणजे उडत उडत. मग ती ‘स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ’ मिळते, म्हणजे संबंधित माणसाच्या तोंडूनच. निर्णय काही दिवस ‘अप इन द एअर’ असतो, म्हणजे अधांतरी. शेवटच्या क्षणी ‘कोल्ड फीट’ होतात. चार वाक्यांची गोष्ट, चार इडियम्स आणि प्रत्येकाला आपापली जागा. गंमत म्हणजे यात पहिले दोन एकमेकांचे विरुद्ध आहेतच, फक्त ते गोष्टीच्या ओघात आले, तक्त्यात समोरासमोर नाही.

दुसरा फायदा वाक्यरचनेचा. जोडीच्या कार्डावर ‘टर्न अ ब्लाइंड आय’ एवढंच मावतं. त्यापुढे ‘टू’ लागतो आणि ‘कीप ॲन आय’पुढे ‘ऑन’, हे वाक्यातच कळतं. मराठीत ‘कडे’ आणि ‘वर’ अशा शब्दयोगी अव्ययांनी भागतं, म्हणून ही गडबड आपल्याकडे फार होते.

गटाचा तोटा एकच, पण मोठा: वेळ खातो. असे प्रसंग तयार मिळत नाहीत, स्वतः रचावे लागतात.

कोणी काय घ्यावं

स्पर्धा परीक्षा देणाऱ्याचं गणित वेगळं आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न, त्यातले इंग्रजीचे २५, आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो. इडियमच्या प्रश्नात चारपैकी एक पर्याय बरेचदा शब्दशः अर्थाचा आणि एक नेमका विरुद्ध अर्थाचा असतो. ‘टर्न अ डेफ इअर’ला एक पर्याय ‘बहिरं होणं’, दुसरा ‘लक्ष देऊन ऐकणं’. जोड्यांची उजळणी केलेला हा दुसरा सापळा लगेच ओळखतो. पण ज्याने दोन्ही एकाच बैठकीत घोकले आणि पुन्हा पाहिले नाहीत, तो त्यातच अडकतो. म्हणून अभ्यासाच्या सुरुवातीला प्रसंगवार, शेवटच्या महिन्यात जोड्या.

आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, देणाऱ्याला जोड्यांचा फारसा उपयोग नाही. बोलण्याची चाचणी ११ ते १४ मिनिटांची. सात बँडच्या (नऊपैकी सातव्या पातळीच्या) वर्णनात इडियमॅटिक शब्दसंपदेचा उल्लेख आहे हे खरं, पण ती शैलीचं भान ठेवून वापरलेली हवी. ‘ओव्हर द मून’ म्हणाल्यावर लगेच ‘डाउन इन द डम्प्स’ ऐकवायची गरज कुठल्याच प्रश्नाला नसते. मोजके प्रसंग, त्यांत बसणारे मोजके इडियम्स, एवढं पुरतं. ऑफिसात वापरायचे असतील तरी प्रसंगवारच.

लहान मुलांना मात्र चित्राच्या जोड्या खुशाल द्या. कान बंद, कान उघडा. ढगावर बसलेला आणि खड्ड्यात पडलेला. मुलं त्याचे अभिनय करून दाखवतात आणि चुकत नाहीत.

वही करणार असाल तर डाव्या पानावर इडियम आणि तुमचं स्वतःचं एक वाक्य लिहा, उजवं पान कोरं ठेवा. आठवडाभराने डावं पान न बघता अर्थ आठवला तरच उजवीकडे जोडीदार लिहा. बऱ्याच इडियम्सना जोडीदार नसतो, ती पानं कोरीच राहू द्या. सुरुवातीला या जोड्या घ्या, पहिला आधी आणि दुसरा नंतर: ‘कीप ॲन आय ऑन’ आणि ‘टर्न अ ब्लाइंड आय टू’, ‘इन द रेड’ आणि ‘इन द ब्लॅक’, ‘टाइटन युअर बेल्ट’ आणि ‘पुश द बोट आउट’, ‘सी आय टू आय’ (एकमत असणं) आणि ‘ॲट लॉगरहेड्स’ (खटके उडणं), ‘अप इन द एअर’ आणि ‘सेट इन स्टोन’ (काळ्या दगडावरची रेघ), ‘बीट अराउंड द बुश’ (आडवळणाने बोलणं) आणि ‘कॉल अ स्पेड अ स्पेड’ (रोखठोक बोलणं).