फिलोडेंड्रॉनची फांदी: बरणीत की कोकोपीटमध्ये?

फिलोडेंड्रॉनची वेल ग्रीलबाहेर लोंबायला लागली की कात्री चालवावी लागते, आणि छाटलेले तुकडे कशात रुजवायचे यावरून घरात दोन पक्ष पडतात. आमच्याकडे आई पाण्याच्या पक्षात आहे, मी कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या. खरं तर मीही आधी तिच्याच पक्षात होतो.

पेर (पान आणि मूळ जिथून फुटतं ती देठावरची गाठ) कुठलं, छाट कुठे घ्यायची, पेराशिवायचं नुसतं पान बरणीत खोचून वेल का होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. एवढंच सांगतो की ही अळूच्या कुळातली वेल आहे, चीक लागला तर काही जणांचे हात खाजतात. आणि ज्या पेरावर आधीच तपकिरी हवाई मूळ बाहेर आलंय, ती फांदी कशातही रुजते. तिच्या जोरावर कुणी अमुकच पद्धत चांगली म्हणत असेल, तर ऐकून सोडून द्या.

पाण्याची गंमत म्हणजे सगळं डोळ्यांसमोर घडतं. आमच्याकडे खाडीची दमट हवा, त्यामुळे पावसाळ्यात दहा-बारा दिवसांत पेराशी पांढरे ठिपके दिसतात, मग त्यांची मुळं होतात. देठ कुजायला लागलं तर पाणी गढुळतं, वास येतो. तेवढा भाग कापून उरलेली फांदी वाचवता येते. कोकोपीटमध्ये हे सुख नाही. तिथे काय चाललंय ते कळत नाही, आणि बघायला म्हणून फांदी उपटली की नुकतं फुटलेलं मूळ हमखास तुटतं. मी दोनदा तोडलंय.

तरीही मी पक्ष बदलला, तो एका गणपतीत. निघण्याआधी एकाच वेलीच्या सहा फांद्या केल्या होत्या: तीन स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याच्या जुन्या बरणीत, तीन आइस्क्रीमच्या पारदर्शक डब्यांत कोकोपीटमध्ये. दहा दिवस गावी राहून परतलो. बरणीत मुळं फुटायला लागली होती. जवळ जाऊन बघतो तर पाण्यात वळवळ. बरणीवर टिचकी मारली की सगळ्या अळ्या तळाशी जायच्या आणि एकेक करत पुन्हा वर येऊन टेकायच्या. काही तर स्वल्पविरामासारख्या वाकलेल्या, म्हणजे डास होऊन उडायच्या बेतातल्या. आणि आम्ही सोसायटीच्या बैठकीत गच्चीवरच्या टायरांबद्दल तावातावाने बोलणारे!

डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यावर येतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणजे पाणी दर आठवड्याला बदलायचं. पण नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. बरणी आतून घासावीच लागते. एक बरणी असेल तर ठीक. माझ्या तेव्हा आठ होत्या. दर शनिवारी आठ बरण्यांतून फांद्या काढायच्या, मुळं न दुखावता बाजूला ठेवायच्या, बरण्या घासायच्या, पुन्हा भरायच्या. तिसऱ्या शनिवारी मी कंटाळलो.

दुसरी गोष्ट त्यामानाने किरकोळ. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात, मातीत गेली की रुसतात. बरणीतल्या तिघांपैकी एक फांदी कुंडीत लावल्यावर पिवळी पडून गेली, उरलेल्या दोघी दोन-तीन आठवडे मान टाकून होत्या. डब्यातल्या तिन्ही गड्ड्यासकट कुंडीत गेल्या आणि त्यांना काही कळलंही नाही. तीनावरून नियम काढू नये, हे मान्य. शिवाय मुळं बोटभर झाल्याबरोबर फांद्या कुंडीत हलवल्या असत्या तर कदाचित तीही जगली असती. मी मुळं जरा जास्तच वाढू दिली होती.

कोकोपीट वापरायचंच असेल तर त्याच्या दाबलेल्या विटेचा चुरा आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, कारण त्यात बरेचदा मीठ असतं. मग मुठीत घट्ट पिळून थेंब गळेनासा झाला की भरा. माझ्या कुजलेल्या फांद्या बहुतेक लाडाने जास्त पाणी घातल्याने कुजल्या. थोडं परलाइट (हलके, पांढरे खडे) मिसळलं तर बरं. डबा पारदर्शक घेतला की तीनेक आठवड्यांत काठाशी पांढरी मुळं दिसतात, म्हणजे उपटून बघायचा मोहही होत नाही. घाटावरच्या कोरड्या उन्हाळ्यात वरून प्लास्टिकची पिशवी घालावी लागेल. आमच्याकडे गरज पडत नाही.

एकच पान असलेली महागडी पिंक प्रिन्सेस (गुलाबी छटेच्या पानांचा फिलोडेंड्रॉन) कुणी हातात ठेवली, तर मात्र मी अजूनही बाटलीच काढेन. तिथे कुजणं लवकर दिसण्याला किंमत आहे. रोजच्या, हृदयाच्या आकाराच्या पानांच्या वेलीला, आणि विशेषतः तुम्ही सुट्टीत घर बंद करून जाणारे असाल तर, कोकोपीट.

आईची बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत अजून आहे. तोंडाला जुन्या मलमलीचा तुकडा, मधल्या भोकातून बाहेर आलेली फांदी. शनिवारी ती बरणी घासायचं काम माझ्याकडे आहे.