बी.कॉम.चा व्यापारी कायद्याचा पेपर: माझ्याकडून पाचपैकी साडेचार

बारावीचा निकाल लागला की आमच्या सावदा-रावेरकडची पोरं-पोरी विचारायला येतात, "वहिनी, बी.कॉम.ला कोणत्या विषयाकडे जास्त लक्ष देऊ?" घरच्या केळीचा आणि ठिबकच्या दुकानाचा हिशेब मी बघते, म्हणून मला विचारतात. सगळ्यांना काळजी अकाउंट्सची. अकाउंट्स लागतंच, पण टॅली गावातल्या क्लासातही शिकता येतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: व्यापारी कायद्याचा एकही तास चुकवू नका.

मी पदवी जळगावच्या विद्यापीठाची घेतली. आज त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, तेव्हा नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं. या पेपरात 1872 चा करार कायदा, 1930 चा वस्तुविक्री कायदा आणि 1881 चा चेक-हुंडीचा कायदा असायचा. वर्गात निम्मे बाक रिकामे. बहुतेकांनी कलमांचे आकडे पाठ केले, पेपर दिला आणि विसरले.

या पेपरातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे करार कायद्याचं आठवं प्रकरण, हमी आणि जामीन. आमच्याकडे जामीनदार होणं हा व्यवहार कोणी मानतच नाही, ते नातं मानतात. ट्रॅक्टर घ्यायचा, पाइपलाइन टाकायची, मुलीचं लग्न काढायचं, की पतसंस्थेच्या फॉर्मवर दोन सह्या लागतात. माझ्या सासऱ्यांकडे, अप्पांकडे, भावकीतले एकजण असाच फॉर्म घेऊन आले. "नुसती सही त करनी आहे, तुले थोडेच पैशे भरा लागतील?" अप्पांनी पेन हातात घेतलंही होतं. मी म्हटलं, "अप्पा, आधी कलम 128 ऐका." कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर पूर्ण रकमेची, व्याजासकट. आणि आधी कर्जदाराकडे वसुली करा, तो बुडाला तरच माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. संस्था थेट आपल्या दारात येऊ शकते.

अप्पांना हे ठाऊक नव्हतं. गावात ज्यांनी डझनभर सह्या केल्यात, त्यांनाही ठाऊक नाही. मी सुचवलं, की बुडाले तरी घर हलणार नाही एवढे पैसे हातउसने द्या, पण सही नको. तसंच केलं. थोडे दिवस अबोला राहिला, मग लग्नात पंगतीला सगळे शेजारी बसले.

आणि ज्यांनी सही केलेली आहे, त्यांच्यासाठीही त्याच प्रकरणात आधार आहे. जामीनदाराला न विचारता संस्था आणि कर्जदार यांनी मूळ अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार सुटतो, हे कलम 133. पैसे भरावेच लागले, तर ते कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क कलम 145 देतं. मी हे दुकानात बसल्या-बसल्या कितीतरी जणांना समजावून सांगितलंय.

दुसरा उपयोग चेकचा. केळीचा माल कापून ट्रकमध्ये भरला की तो परत येत नाही, हातात राहतो तो व्यापाऱ्याचा चेक. एकदा नवतीच्या, म्हणजे नव्या लागवडीच्या, मालाचा चेक बँकेतून परत आला. व्यापारी म्हणे, पुढच्या आठवड्यात टाका, मग त्याच्या पुढच्या. पण 1881 च्या चेकच्या कायद्यातल्या कलम 138 ला तारखा फार कडक आहेत. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यापासून 15 दिवस पैसे द्यायला, आणि नाही दिले तर त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. "पुढच्या आठवड्यात" ऐकत बसलं की पहिलेच 30 दिवस निघून जातात. वकिलाकडून रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली आणि मुदत संपायच्या आत पैसे खात्यावर आले. चेकही आता तारखेपासून तीनच महिने चालतो, 2012 पूर्वी सहा महिने चालायचा. जुन्या माणसांच्या डोक्यात अजून सहाच आहेत.

अर्धा गुण का कापला, तेही सांगते. पूर्ण वर्षात आम्हाला एकही खरा करारनामा, कर्जाचा फॉर्म किंवा नोटीस दाखवली नाही. सगळं गाईडमधून. अल्पवयीन मुलाशी केलेला करार मुळातच रद्द, हे शिकवताना 1903 चा मोहोरीबीबीचा खटला रंगवून सांगितला, तो आजही आठवतो, पण अशी उदाहरणं फार थोडी. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र यांचा तर उल्लेखही नव्हता. शेतकऱ्यांच्या मुलांनी भरलेल्या वर्गात हे मला फार खटकतं.

यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी एक करावं. गाईड परीक्षेपुरतं ठेवा आणि कायद्याची मूळ प्रत वाचा, सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. करार कायद्याची कलमं 124 ते 147 आधी वाचा, मग चेकच्या कायद्यातली 138 पासून पुढची. ग्राहक संरक्षणाचं जुनं 1986 चं पुस्तक कोणी दिलं तर घेऊ नका, त्या जागी 2019 चा नवा कायदा आलाय. त्यात आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, बियाणं कंपनीच्या गावाला जावं लागत नाही.