अपडेटनंतर अ‍ॅडब्लॉकर गेला: लाइट, फायरफॉक्स, ब्रेव्ह की जुनंच व्हर्जन?

घरातला "कॉम्प्युटरवाला" मी असल्यामुळे हा फोन मला आत्तापर्यंत पाच-सहा जणांकडून आलाय, मामा, दोन मावसभाऊ, सोसायटीतले एक रिटायर्ड काका, आणि सगळ्यांचं वाक्य तेच, "अरे मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." खरंच काही केलेलं नसतं. ब्राउझर स्वतःच अपडेट होऊन बसलेला असतो, सकाळी उघडला की कोपऱ्यातली यूब्लॉक ओरिजिनची, म्हणजे जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेंशनची (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामची), लाल ढाल गायब आणि पुरणपोळीच्या रेसिपीत दर दोन ओळींनी कर्जाची जाहिरात. मग आता काय करायचं, याचे मी स्वतः वापरून बघितलेले पर्याय एकत्र लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या फोनला ही लिंक पाठवली की झालं.

पण त्याआधी एवढं बघा की तुमचं एक्स्टेंशन खरंच गेलंय की नुसतं रुसलंय. यात लोक फार गल्लत करतात. उदा. टॅम्परमंकी, म्हणजे सायटींवर आपल्या स्क्रिप्ट चालवणारं एक्स्टेंशन, क्रोम १३८ पासून त्याच्या डिटेल्सच्या पानावर "अलाऊ यूजर स्क्रिप्ट्स" असं एक वेगळं बटण आलंय, ते ऑन केलं नाही तर ते दिसतं व्यवस्थित पण करत काहीच नाही. बटण ऑन केलं की काम संपलं. तसंच एखाद्या एक्स्टेंशनने अपडेटमध्ये नवीन परवानगी मागितली तर तुम्ही हो म्हणेपर्यंत क्रोम ते बंद ठेवतं. फायरफॉक्सवाल्यांनी मेनूतून हेल्प, मग ट्रबलशूट मोड करून बघा, त्यात सगळी अ‍ॅड-ऑन्स (फायरफॉक्समध्ये एक्स्टेंशनला हेच म्हणतात) बंद होऊन ब्राउझर उघडतो, तिथे सायट नीट चालली तर दोष अ‍ॅड-ऑनचा आहे, नाहीतर उगाच त्याच्या नावाने शंख करू नका.

आणि कृपा करून रागाच्या भरात "रिमूव्ह" दाबू नका!! मे २०१९ मध्ये फायरफॉक्समध्ये अ‍ॅड-ऑन खरं आहे की नाही हे तपासायचं एक डिजिटल सर्टिफिकेट एक्स्पायर झालं आणि जगभरच्या लोकांची अ‍ॅड-ऑन्स एका झटक्यात बंद पडली, कुणी काही अपडेट केलेलं नसताना. एक-दोन दिवसांत दुरुस्ती आली, ६६.०.४ नावाचं व्हर्जन, आणि सगळं आपोआप परत सुरू झालं. पण ज्यांनी मधल्या वेळात काढून परत टाकायचा प्रयत्न केला त्यांची त्या अ‍ॅड-ऑनमधली सेटिंग्ज गेली ती गेलीच, कारण काढलं की त्याचा डेटाही जातो. मी स्वतः एका नोट्सच्या एक्स्टेंशनचं असंच केलंय, दोन वर्षांच्या नोट्स, तेव्हा अनुभवाचे बोल समजा.

क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिनचं जे झालं ते मात्र रुसणं नाही. एक्स्टेंशन कसं लिहायचं त्याचे नियम असतात, त्याला मॅनिफेस्ट म्हणतात. व्हर्जन २ मध्ये ब्लॉकर हा सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा होता, प्रत्येक येणाऱ्याला थांबवून, बघून, जागच्या जागी ठरवणार आत सोडायचं की नाही. व्हर्जन ३ मध्ये वॉचमनने आधी यादी लिहून कमिटीला द्यायची, गेटवर कमिटीचाच माणूस उभा राहणार आणि यादीला मर्यादा. प्रत्येक एक्स्टेंशनला यादीत ३०,००० नियमांची, म्हणजे काय अडवायचं त्या ओळींची, हमी, त्यावरचे सगळ्यांत वाटून घ्यायच्या कोट्यातून. गूगलचं म्हणणं यात सुरक्षितता आणि वेग वाढतो, आणि त्यात तथ्य नाही असं नाही, कारण प्रत्येक पानाची प्रत्येक रिक्वेस्ट वाचू शकणारं एक्स्टेंशन चुकीच्या हातात पडलं तर अवघड आहे. पण ज्या कंपनीचं पोट जाहिरातींवर चालतं तिनेच हा नियम करावा यावर लोक बोलणारच. असो. जून २०२४ पासून क्रोमने व्हर्जन २ वाली एक्स्टेंशनं हळूहळू बंद करायला सुरुवात केली, कंपन्यांसाठी एक सवलत ठेवली होती ती २०२५ च्या मध्यापर्यंत, आणि क्रोम १३८ नंतर तीही संपली. त्यामुळे "विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) ही ओळ टाका, परत चालू होईल" वाले जुने व्हिडिओ बघण्यात रविवार घालवू नका.

आता पर्याय. सगळ्यात कमी कटकटीचा म्हणजे क्रोम तसंच ठेवून यूब्लॉक ओरिजिन लाइट टाकायचं. त्याच लेखकाचं आहे, नव्या नियमांत बसणारं, आणि खरं सांगायचं तर मी आधी नाक मुरडलं होतं पण रोजच्या बातम्या, रेसिपी, क्रिकेटचा स्कोअर वगैरेला ते छान चालतं, मशीनवर भारही जवळजवळ नाही. टाकल्यावर त्याच्या सेटिंगमध्ये फिल्टरिंग "बेसिक"वर असेल तर ते "ऑप्टिमल" किंवा "कंप्लीट" करा, बरेच जण हे करतच नाहीत आणि मग "लाइट फालतू आहे" म्हणत फिरतात. कमी कुठे पडतं? मूळ यूब्लॉक फिल्टरच्या, म्हणजे काय अडवायचं त्याच्या, याद्या स्वतःच ताज्या करून घ्यायचा, लाइटमध्ये मुख्य याद्या एक्स्टेंशनबरोबरच येतात, म्हणजे बहुतेक वेळा एक्स्टेंशनचं अपडेट येईपर्यंत थांबा. व्हिडिओवाल्या सायटी आठवड्याला रंग बदलतात, तिथे हा उशीर जाणवतो. आणि पूर्वी या सायटवर या डोमेनची स्क्रिप्ट नको पण त्या सायटवर चालेल असं टेबलात लाल-हिरवं करत बसायचो, ते यात नाही. तुम्हाला हे वाक्य कळलंच नसेल तर तुम्हाला त्याची गरज नाहीये, सरळ लाइट घ्या.

इथे एक धोका सांगतो. जुनं एक्स्टेंशन गेलं की लोक स्टोअरमध्ये जाऊन मिळतंजुळतं नाव दिसेल ते टाकतात. द ग्रेट सस्पेंडर आठवतंय का? टॅब झोपवणारं, लाखो लोक वापरायचे, २०२० मध्ये मूळ डेव्हलपरने ते विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून सगळ्यांच्या क्रोममधून बंद केलं. तेव्हा नाव नाही, खाली लेखक कोण आहे ते बघा.

दुसरा पर्याय फायरफॉक्स, आणि माझा कल तिकडेच आहे हे लपवत नाही. तिथे व्हर्जन २ आणि ३ दोन्ही चालतात, म्हणजे मूळ यूब्लॉक ओरिजिन सगळ्या अवयवांसकट. अजून एक फायदा जो कुणी सांगत नाही: मोझिलाच्या अ‍ॅड-ऑनच्या पानावर जुनी व्हर्जन्स ठेवलेली असतात. नवीन अपडेटने बिघडलं तर मागचं व्हर्जन तिथून टाका, त्या एकट्या अ‍ॅड-ऑनचं ऑटो अपडेट बंद करा आणि दुरुस्ती येईपर्यंत निवांत राहा. क्रोम स्टोअरमध्ये ही सोय नाही, तिथे जे ताजं आहे तेच घ्यायचं. शिवाय अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ पासून अ‍ॅड-ऑन्सचं दार सगळ्यांना उघडलंय, फोनवरही यूब्लॉक चालतं, जे अँड्रॉइडच्या क्रोममध्ये करताच येत नाही. आयफोनवाल्यांनी उगाच खूश होऊ नका, तिथल्या फायरफॉक्समध्ये अ‍ॅड-ऑन्स चालत नाहीत.

पण फायरफॉक्स म्हणजे अगदी धुतल्या तांदळासारखा आहे असंही नाही हां. १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आलं आणि जुन्या पद्धतीची सगळीच्या सगळी अ‍ॅड-ऑन्स एका दिवसात इतिहासजमा झाली. टॅब मिक्स प्लस, क्लासिक थीम रिस्टोरर, सगळी गेली. डाउनदेमऑल २०१९ मध्ये नव्याने लिहून आलं पण आधीच्या बऱ्याच गोष्टी गाळूनच. तेव्हा फायरफॉक्सवाले क्रोमकडे पळाले होते, आता क्रोमवाले फायरफॉक्सकडे येतायत, एस्टी स्टँडवर दोन गाड्यांतले लोक एकमेकांच्या जागा धरतायत तसं. रोजच्या वापरात अडचण येते ती काही बँकांच्या आणि सरकारी सायटींवर, जिथे बनवणाऱ्याने क्रोम सोडून दुसरं काही उघडूनच बघितलेलं नसतं. एकदा एक फॉर्म अर्धा तास भरून शेवटचं सबमिट फायरफॉक्समध्ये दाबलंच जाईना, क्रोममध्ये पहिल्या फटक्यात गेलं.

शिफ्ट होणं वाटतं तेवढं जड नाही, बुकमार्क आणि पासवर्ड इंपोर्ट होतात, पाच मिनिटांचं काम. यूब्लॉकमध्ये स्वतःचे फिल्टर लिहिले असतील तर त्याच्या डॅशबोर्डवरून फाइलमध्ये बॅकअप घेता येतो आणि तीच फाइल दुसऱ्या ब्राउझरच्या यूब्लॉकमध्ये रिस्टोअर होते. फक्त क्रोमने एकदा बंद केलं की डॅशबोर्ड उघडतच नाही, त्यामुळे हा बॅकअप आधीच घ्यायचा असतो, नंतर कपाळावर हात मारून उपयोग नाही.

ब्रेव्ह हा मधला रस्ता. आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोम ज्यावर उभं आहे तोच गूगलचा कोड आहे, त्यामुळे क्रोममध्ये चालणाऱ्या सायटी चालतात, पण जाहिराती अडवायचं काम ब्राउझरमध्येच बांधलेलं आहे, एक्स्टेंशन नाहीच, त्यामुळे मॅनिफेस्टचा नियम त्याला लागत नाही. वरून यूब्लॉक ओरिजिन, नोस्क्रिप्ट, अ‍ॅडगार्ड आणि यूमॅट्रिक्स अशी चार जुनी एक्स्टेंशनं सेटिंगमधून टाकायची सोय त्यांनी ठेवली, पण पाया गूगलच्या कोडचा असल्यामुळे ती कायम राहील असं धरून चालू नका. पहिल्यांदा उघडलं की क्रिप्टो, वॉलेट, रिवॉर्ड्स असलं बरंच काही समोर येतं, ते बंद करून टाकायला दहा मिनिटं ठेवा. ज्यांना काही म्हणजे काहीच सेट करायचं नाहीये त्यांना मी हेच टाकून देतो.

आता तो पर्याय ज्यावर मामाचं आणि माझं वाजलं. मामा म्हणे, अपडेटच बंद करून टाक ना, जुनं व्हर्जन काय वाईट होतं. ऐकायला पटतं. पण ब्राउझर म्हणजे टीव्ही नाही, त्यात सापडणारी भोकं प्रत्येक अपडेटमध्ये बुजवली जातात आणि काय बुजवलं याची यादीही जाहीर होते, म्हणजे तुमच्या जुन्या व्हर्जनला नेमकं कुठे भोक आहे हे आता अख्ख्या जगाला माहीत. मामा त्याच ब्राउझरमधून नेटबँकिंग करतो. आणि गंमत बघा, फायरफॉक्समध्ये अ‍ॅड-ऑन्स वाचवायला जे जुन्या व्हर्जनला चिकटून बसले होते, त्यांच्यावर १४ मार्च २०२५ ला एक रूट सर्टिफिकेट एक्स्पायर होण्याची वेळ आली, १२८ च्या खालच्या फायरफॉक्समध्ये, किंवा ईएसआर (फायरफॉक्सचं कमी बदल होणारं व्हर्जन) असेल तर ११५.१३ च्या खाली, अ‍ॅड-ऑन्स बंद पडतील म्हणून मोझिलाला आधीच ओरडून सांगावं लागलं. म्हणजे ज्यासाठी अपडेट टाळला तेच जाणार. सारखे बदल नकोत एवढीच तक्रार असेल तर फायरफॉक्सचं ईएसआर घ्या, त्यात मोठे बदल वर्षभराने येतात आणि सुरक्षेचे अपडेट चालू राहतात, हे वेगळं आणि अपडेट कोंडून ठेवणं वेगळं.

डीएनएसवाला उपाय (डीएनएस म्हणजे सायटचं नाव दिलं की तिचा पत्ता शोधून देणारी सेवा), म्हणजे अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएसला अ‍ॅडगार्डचा पत्ता टाकणे, हा जोडीला बरा, इतर अ‍ॅपमधल्या जाहिरातीही कमी होतात. पण यूट्यूबच्या जाहिरातींना तो काही करू शकत नाही कारण त्या व्हिडिओच्याच डोमेनवरून येतात. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका, एवढंच.

शेवटी कोणाला काय दिलं ते सांगतो. मावसभाऊ गेमिंगवाला, त्याला क्रोम सोडायचंच नव्हतं, तो लाइटवर आहे आणि तक्रार नाही. दुसऱ्याला ब्रेव्ह. काकांच्या डेस्कटॉपवर दोन आयकॉन ठेवले, क्रोमच्या शॉर्टकटचं नाव बदलून "बँक" केलं आणि फायरफॉक्सचं "वाचन", परवा भेटले तर म्हणाले तिसरं एक "नातवंडं" म्हणून करून दे. मामा अजून विचार करतोय, तोवर पुरणपोळीच्या रेसिपीत कर्जाच्या ऑफर वाचतोय.