कल्पवृक्षाचं कापड, हिरड्याचा वास

तीन फूट रुंद, पाच फूट उंच. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाळहस्तीच्या एका कारागीर कुटुंबाकडून रंगवून घेतलेलं कलमकारीचं, म्हणजे कलमाने आणि नैसर्गिक रंगांनी चित्र काढलेलं, कल्पवृक्षाचं कापड. किंमत ७,८०० रुपये, कुरिअरचे वेगळे. ऑर्डर दिल्यापासून हातात पडायला सात आठवडे लागले. भिंतीवर लावून चार महिने झाले, म्हणून आता खात्रीने लिहिते.

आधी एकदा फसले होते. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात ‘हाताने रंगवलेली कलमकारी’ म्हणून असंच झाड घेतलं. घरी येऊन पसरलं, तर डावीकडचा पोपट आणि उजवीकडचा पोपट पिसापिसाला सारखे. कापड उलटं केलं, मागची बाजू पांढरीफटक. सरळसरळ स्क्रीन प्रिंट. पैशांपेक्षा वाईट याचं वाटलं, की विकणाऱ्याला मी तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा त्याने हो म्हटलं होतं.

त्यामुळे यंदा तिरुपतीला गेलो तेव्हा काळहस्तीसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवला. आपल्याकडची माणसं तिथे राहू-केतूच्या पूजेला जातात. मी दर्शन घेऊन निघाले ती थेट या कारागिरांच्या घरी. स्वातंत्र्यानंतर ही कला मोडकळीला आली होती, तेव्हा हस्तकलांसाठी झटणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने तिथे प्रशिक्षण केंद्र निघालं आणि हात पुन्हा कामाला लागले. आंध्रातल्याच मछलीपट्टणमची कलमकारी लाकडी ठशांनी छापतात. काळहस्तीची कलमानेच काढतात, ठसा नाही.

ओसरीवर पिवळट कोरं कापड वाळत होतं. हात लावला तर जरा ताठ, आणि वास ओळखीचा! कारागिराच्या घरची बाई म्हणाली, “करक्काय.” मला कळेना. तिने डब्यातून फळ काढून तळहातावर ठेवलं. हिरडा! पुणे जिल्ह्यातल्या आंबेगावच्या डोंगरातल्या आमच्या घरात उन्हाळाभर ओसरी काळी करणारा हिरडा. आम्ही गोळा करतो तो कोवळा बाळहिरडा, तो औषधाला जातो. रंगाला लागतो तो पिकलेला, पिवळा, मोठा हिरडा.

कोरं सुती कापड हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या पाण्यात बुडवून वाळवतात. दुधातल्या स्निग्धपणामुळे रेघ फुटत नाही, पसरत नाही. मग चिंचेच्या काडीच्या कोळशाने आराखडा. कलम म्हणजे टोक काढलेली बांबूची काडी, तिच्यावर लोकरीची गुंडाळी आणि दोरा. गुंडाळी बोटांनी दाबली की रंग टोकाकडे उतरतो. काळा रंग लोखंडाचा गंजका तुकडा आणि गूळ पाण्यात आंबवून करतात. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी त्याची एक रेघ ओढली. ती उमटली फिकट, चहासारखी, आणि बघता बघता काळी झाली. हिरड्यातला तुरटपणा लोखंडाला धरतो, म्हणून. लाल हवा तिथे आधी तुरटी लावतात, मग कापड मुळांच्या रंगात उकळतात. जिथे तुरटी तिथेच लाल चढतो. मधेमधे स्वर्णमुखी नदीच्या पाण्यात धुणं चालूच.

आता आलेल्या कापडाबद्दल. खाली खडकांचा ढीग, त्यातून वळसे घेत वर गेलेलं खोड, आणि एकाच झाडावर नाना तऱ्हेची फुलं: कमळासारखं, डाळिंबाच्या कळीसारखं, एक चक्क घंटेसारखं. कल्पवृक्षच तो, मागाल ते देणारा, मग त्याला एकाच जातीचं फूल कशाला येईल? दोन्ही पोपट इथेही आहेत, पण उजव्याची मान जरा जास्त वळलेली आहे, आणि त्याच्या शेपटीजवळ कलम क्षणभर थांबलेलं दिसतं, तिथे काळा ठिपका जाड झालाय. मागच्या बाजूला रंग झिरपलेला आहे. मला हेच हवं होतं.

कल्पवृक्ष समुद्रमंथनातून निघाला आणि इंद्राच्या बागेत गेला, हे आपल्याला माहीत असतं. हिरड्याचीही गोष्ट आहे. इंद्र अमृत पीत असताना एक थेंब पृथ्वीवर सांडला आणि त्यातून हिरडा उगवला, असं वैद्य सांगत आले. म्हणजे दोघंही त्याच मंथनातले. एक वर राहिला, दुसरा आमच्या डोंगरात आला आणि त्याने आमच्या शाळेच्या फिया भरल्या. या कापडावर चित्र पहिल्याचं आहे, आणि ते चित्र धरून ठेवलंय दुसऱ्याने.

आई गावाहून आली, तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. कापडाजवळ गेली, नाक लावलं आणि म्हणाली, “आगं, ह्याला तर हिरड्याचा वास येतोय. आपला हिरडा एवढ्या लांब गेला व्हय?” त्यांच्याकडच्या डोंगरातही असतो, म्हटलं. ती बराच वेळ खोडावरून बोट फिरवत उभी राहिली. २०२०च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात आमच्या बांधावरची दोन जुनी झाडं गेली, तेव्हापासून तिच्यासमोर हिरड्याचा विषय आम्ही काढत नाही. त्या दिवशी तिने स्वतःहून काढला.

उणिवा सांगायलाच हव्यात. वरची शिवण पॉलिस्टरच्या दोऱ्याने घातलीय, ती चकाकते आणि इतक्या जुन्या रंगांशेजारी डोळ्यांत खुपते. दांडी घालायची पट्टी इतकी अरुंद, की पडद्याची साधी दांडी जात नाही. मी उसवून सुती दोऱ्याने पुन्हा शिवली. पहिले पंधरा दिवस आंबूस दुधाचा वासही येतो, सावलीत वारं दिलं की जातो. पाच आठवडे सांगून सात घेतले, पण पावसाने कापड वाळत नव्हतं हे त्यांनी फोन करून कळवलं.

घेणार असाल तर उन्हाच्या भिंतीवर लावू नका, पिवळा सगळ्यात आधी उडतो. धुवायचं तर थंड पाणी आणि रिठा, पिळायचं नाही. पैसे देण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मागा.

दुसरी ऑर्डर दिलीय. या वेळी मधलं झाड हिरड्याचं हवं, असं सांगितलं. त्यांना फळ ठाऊक, पानाची ठेवण मात्र आमच्या झाडाची हवी होती, म्हणून आईने बांधावरच्या उरलेल्या झाडाची एक डहाळी वर्तमानपत्रात दाबून वाळवली. ती परवा पोस्टाने पाठवली.