हमरूनच्या जुन्या घरात एक हिवाळा आणि एक उन्हाळा

सुटीसाठी साताऱ्यात आल्यापासून शाहूपुरीतले शेजारी, कऱ्हाडचे मेहुणे आणि माल्टा या भूमध्य समुद्रातल्या बेटदेशातल्या नोकरीचा करार हाती पडलेली ओळखीची एक-दोन कुटुंबे एकच प्रश्न विचारत आहेत : घर कसे आहे? पगार, भाडे आणि शाळा यांची माहिती त्यांनी आधीच काढलेली असते. दोन मजले, मधे उघडा चौक, रस्त्याच्या बाजूला लाकडी बंद सज्जा आणि वर गच्ची हे सगळे फोटोंत दिसते. फोटोंत न दिसणारी गोष्ट म्हणजे ओल, आणि माल्टातल्या हमरून गावातल्या आमच्या भाड्याच्या दगडी घराविषयी माझे मत जवळजवळ सर्वस्वी त्या ओलीनेच ठरवले. जानेवारीत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारे यंत्र, बंद पडला नसता, तर हे लिहिण्याची वेळही आली नसती.

माल्टाची जुनी घरे तिथल्याच मऊ, मधाच्या रंगाच्या चुनखडीच्या दगडाची असतात. हा दगड करवतीने कापता येतो, त्यावर नक्षी सुरेख उठते आणि संध्याकाळच्या उन्हात सारी गल्ली उजळून निघते. पण तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी शोषून घेतो आणि ते सोडायला महिने लावतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या भिंतींवर वाढलेल्या माणसाला हे आधी उमगत नाही. हिवाळ्यात बाहेरचे तापमान फारसे खाली जात नाही, साताऱ्याची डिसेंबरची पहाट याहून बोचरी असते. मात्र घर तापवण्याची सोय बहुतेक जुन्या घरांत नसते, समुद्र चहूबाजूंनी असतो आणि सहारातून समुद्र ओलांडून येणारा शलोक्क नावाचा वारा सुटला की फरशीलाच घाम फुटतो. नोव्हेंबर सरता सरता आमच्या कपाटातल्या कोल्हापुरी चपलांवर हिरवट-पांढरी बुरशी चढली, पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके उमटले आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या गाद्या उचलल्या की खालची बाजू हाताला गार आणि ओलसर लागू लागली. घरातली आर्द्रता मोजणारा छोटा काटा ऐंशीच्या खाली क्वचितच उतरे. महाबळेश्वरला पावसाळा काढलेल्या माणसाला हा वास ओळखीचा वाटेल, फरक इतकाच की इथे तो थंडीत येतो आणि शेकोटीला जागा नसते.

डीह्युमिडिफायर घेणे त्यामुळे अटळ होते. घेऊ पाहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. खोक्यावर दिवसाला वीस लिटर पाणी काढण्याची क्षमता छापलेली असते, पण ती बहुधा तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के आर्द्रता धरून मोजलेली असते. चौदा-पंधरा अंशांच्या खोलीत कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या यंत्राने त्याच्या पाव भागाइतके पाणी दिले तरी पुष्कळ, कारण थंडीत आतली कॉइल गोठते आणि बर्फ वितळवण्यातच यंत्राचा वेळ जातो. तरीही सकाळी भरलेली टाकी चौकातल्या मोरीत ओतताना, हे पाणी रात्रभर आपण श्वासावाटे आत घेत होतो या विचाराने पैसे वसूल झाल्यासारखे वाटे.

ऐन जानेवारीत टाकी रिकामी असतानाही ‘टाकी भरली’ असा लाल दिवा लागला आणि यंत्र थांबले ते थांबलेच. दुकानदाराने आधी गाळणीत बुरशीची धूळ सापडल्याचे सांगून वापर चुकीचा झाल्याचा ठपका ठेवला. बुरशी घालवण्यासाठी घेतलेल्या यंत्रात बुरशी सापडल्याचा हा गुन्हा मला अजूनही समजलेला नाही. पुढे दुरुस्तीला वेळ लागेल म्हणाले, मग सुटा भाग इटलीहून यायचा आहे म्हणाले. युरोपीय संघातल्या ग्राहकाला सदोष मालावर किमान दोन वर्षांचे कायदेशीर संरक्षण मिळते आणि ते दुकानाच्या स्वतःच्या हमीपत्रावर अवलंबून नसते. हे लेखी कळवून ग्राहक संरक्षणाच्या सरकारी प्राधिकरणाकडे तक्रार करणार असल्याचे नमूद केल्यावर यंत्र दुरुस्त होऊन आले. पाण्यावर तरंगून बंद-चालू होणारी एक प्लास्टिकची कळ बदलायची होती, एवढेच काम होते. पण मधल्या काळात पलंगामागचे ठिपके खिडकीपर्यंत पोहोचले होते.

त्याच सुमारास घरमालकाने मागच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारून रंग लावून दिला, आणि ही मदत अपायच करून गेली. अशा दगडाला चुन्याचा गिलावा लागतो, कारण तो भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो. सिमेंटने ती आतच कोंडली, रंगाला फुगे आले आणि हात फिरवला की पोपड्यांबरोबर दगडाचा पिवळा चुरा पडू लागला. सरळ मराठीत सांगायचे तर भिंतीला लोणा लागला होता. २०२० पासून लागू असलेल्या तिथल्या भाडे कायद्यानुसार दीर्घ मुदतीचा करार किमान वर्षाचा असतो आणि तो गृहनिर्माण प्राधिकरणाकडे नोंदवावा लागतो. वर्षाच्या करारात पहिले सहा महिने सरल्यावर भाडेकरू महिन्याची लेखी सूचना देऊन बाहेर पडू शकतो. ती सूचना मी लिहून ठेवली होती. हा मजकूर तेव्हा लिहिला असता तर कोणीही जुन्या घराच्या वाटेला जाऊ नये, असाच सल्ला दिला असता.

मत बदलले ते मार्चमध्ये अण्णा आणि आई राहायला आल्यावर. अण्णांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली आहे, त्यामुळे राजधानी वालेत्ता, किल्ले आणि समुद्र पाहायचा सोडून ते गच्चीवर चढून पाण्याचा उतार पाहू लागले. पाऊस आला तेव्हा छत्री घेऊन चौकात उभे राहिले आणि मला हाक मारून म्हणाले, “ओल भिंतीतनं आपणहून येत न्हाई, तुमच्या भिंतीत कुणीतरी पाणी सोडतंय.” गच्चीचे सगळे पाणी एका पाइपाने खाली येत होते, तो पाइप फरशीपासून हातभर उंचीवर तुटलेला होता आणि पाणी थेट मागच्या भिंतीच्या पायात मुरत होते. तुटलेल्या तोंडाखाली दगडी झाकण होते. कडीला पहार लावून ते उचलले तेव्हा खाली कातळात कोरलेला, आमच्या स्वयंपाकघराहून मोठा हौद निघाला. त्याला तिथे ‘बीर’ म्हणतात.

हा हौद म्हणजे काही नवल नव्हे. माल्टात बारमाही नदी नाही, पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशाच्या जवळपास, आणि तोही बहुतेक ऑक्टोबर ते मार्च. १५६६ साली तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या नाइट्सनी, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाने, वालेत्ता वसवायला घेतले तेव्हा प्रत्येक घराला पावसाच्या पाण्याचा हौद असावा, असा नियमच केला होता. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा त्यांचा प्रमुख, ग्रँड मास्टर विन्याकूर याच्या काळात, १६१० ते १६१५ या वर्षांत, राबात गावाकडच्या उंचवट्यावरचे पाणी वालेत्तापर्यंत आणणारा कालवा बांधला गेला. त्याच्या कमानी आमच्या शेजारच्या सांता व्हेनेरात रस्त्याच्या कडेने अजून उभ्या आहेत, आणि काससारख्या तलावातून गुरुत्वाने शहराला पाणी कसे येते हे जाणणाऱ्या अण्णांनी त्या कमानींचा उतार बसच्या खिडकीतूनच जोखला.

घरमालकाने पाइपाचा खर्च दिला, हौद उपसण्याचा नाकारला. तो आम्ही केला, कारण फायदा आमचाच होता. पाइप पुन्हा हौदात सोडला, सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला आणि गच्चीवर एक वेगळी टाकी बसवून पंपाने हौदाचे पाणी संडास, फरशी आणि कपड्यांना घेतले. एप्रिलमधल्या शेवटच्या सरींनंतर मागची भिंत हळूहळू कोरडी पडत गेली. जूनपर्यंत तिच्यावर क्षारांची पांढरी रेघ तेवढी उरली आणि ती आम्ही कोरड्या ब्रशने झाडून टाकतो. अर्थात हवेतली आर्द्रता हौदाने जात नाही. ती हिवाळ्यात पुन्हा येणार आहे आणि यंत्र पुन्हा लागणार आहे, पण आता त्याला हवा कोरडी करायची आहे, गच्चीचा पाऊस उपसायचा नाही.

पिण्याच्या पाण्याचा मुद्दा मात्र मनात सलतो. माल्टात नळाचे निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे खारेपण काढून बनवलेले असते. ते पिण्यायोग्य आहे, पण चहाला साताऱ्याची चव येत नाही आणि किटलीत थर बसतो. म्हणून बहुतेक लोक बाटल्या विकत घेतात. प्रत्येक बाटलीमागे दहा सेंट अनामत द्यावी लागते आणि ती परत मिळवायला रिकाम्या बाटल्यांचे पोते घेऊन बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रापुढे रांग लावावी लागते. यंत्र भरलेले असले की पोते घेऊन परत. शेवटी आम्ही ओट्याखाली फिल्टर बसवला आणि ही वणवण थांबली.

बाकीचे थोडक्यात. रहिवाशांना बस फुकट आहे, गॅसच्या सिलिंडरची गाडी गल्लीत येते, प्लग तीन चौकोनी पिनांचा असल्यामुळे भारतातल्या मिक्सरला अडॅप्टर लागतो, आणि उन्हाळ्यात गावच्या संताच्या उत्सवाचे सुतळी बॉम्बला लाजवणारे बार सकाळी आठलाच सुरू होतात. वरच्या मजल्यावरची खोली जुलै-ऑगस्टमध्ये झोपण्याजोगी नसते, खालची उत्तम असते. हिवाळ्यात नेमके उलटे, त्यामुळे आम्ही ऋतूप्रमाणे पलंग हलवतो.

घर पाहायला जाणाऱ्यांनी गच्चीपासून हौदापर्यंत पाइप अखंड आहे का ते पाहावे, झाकण उघडून दाखवायला सांगावे आणि ताज्या रंगाच्या भिंतीवर हात ठेवून पाहावा. वीजबिलाचे कराराआधीच लिहून घ्यावे. घरात किती माणसे राहतात याची नोंद केली तर रहिवाशांचा कमी दर लागतो, नाही तर महाग दराने बिल येत राहते, आणि यंत्र रोज दहा-बारा तास चालवणाऱ्या घराला हा फरक चांगलाच जाणवतो. आमच्या घरमालकाने तो अर्ज भरण्याचे महिनोन्‌महिने टाळले आहे. करार वाढवून घ्यायचे आम्ही ठरवले आहे, पण त्या अर्जावर सही झाल्याशिवाय आणि हौद उपसण्याचा खर्च पहिल्या महिन्याच्या भाड्यातून वळता झाल्याशिवाय मी नव्या करारावर सही करणार नाही, असे त्यांना साताऱ्याहूनच कळवले आहे.